सेंट पॉल्सच्या दारात: सेल्मा, 1965

3 मार्च 1965, राखेचा बुधवार. अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा राज्यात सेल्मा नावाचं गाव आहे. तिथल्या सेंट पॉल्स एपिस्कोपल चर्चमध्ये तुम्ही शिरता आणि मधल्या एका बाकावर जागा धरता. वेदीवर आज एकही फूल नाही. वेदीवरचं आणि प्रवचनपीठावरचं कापड जांभळं आहे आणि पुढचे कित्येक आठवडे हाच रंग राहणार आहे. रविवार सोडून चाळीस दिवसांचा लेंट, ईस्टरआधीचा उपासाचा काळ, आजपासून सुरू झाला. वसईकडच्या वाचकांना हे दिवस ओळखीचे, पण एक फरक त्यांना लगेच जाणवेल: कपाळाला राख लावायला इथे कोणी येत नाही. इथे 1928 चं प्रार्थना पुस्तक चालतं आणि त्यात राख लावण्याचा विधीच नाही. त्याऐवजी सगळी मंडळी गुडघे टेकून 51वं स्तोत्र म्हणते, दावीद राजाच्या पश्चात्तापाचं. तुम्हीही गुडघे टेका. आवाज एकसुरी आहे, घाई नाही, कोणी रडत नाही. या लोकांना हे शब्द लहानपणापासून पाठ आहेत.

एपिस्कोपल म्हणजे इंग्लंडच्या चर्चची अमेरिकन शाखा. स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणं शक्य नव्हतं, म्हणून 1789 मध्ये तिने आपला वेगळा संसार मांडला. मुंबईत ज्याच्यामुळे चर्चगेटला नाव मिळालं ते सेंट थॉमस कॅथीड्रल याच अँग्लिकन घराण्यातलं. या घराण्याचा सगळा कारभार एका पुस्तकावर चालतो. कोणत्या रविवारी बायबलमधला कोणता उतारा वाचायचा हे त्यात छापून ठेवलेलं असतं. पाद्रीबुवांना तो बदलता येत नाही, मंडळीला टाळता येत नाही. हे लक्षात असू द्या, कारण सेल्मातला हा लेंट माझ्या मनातून का जात नाही त्याचं कारण याच पुस्तकात आहे.

बाहेर पडताना रविवारशाळेच्या टेबलाजवळ थांबा. पुठ्ठ्याचे चपटे, घड्या पाडलेले तुकडे रचून ठेवलेत. मुलं ते घरी नेतात, घड्यांवर दुमडून त्याची छोटी पेटी करतात आणि खाऊला मिळालेल्या पैशांतलं एखादं नाणं रोज वरच्या फटीतून आत टाकतात. ईस्टरला सगळ्या पेट्या चर्चमध्ये येतात आणि ते पैसे दूरदेशीच्या मिशनकार्यासाठी जातात. 1870 च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या एका पॅरिशच्या मुलांनी सुरू केलेली ही प्रथा पुढे देशभरच्या एपिस्कोपल चर्चमध्ये पसरली. ती मला मनापासून आवडते. न पाहिलेल्या माणसासाठी आपला खाऊ कमी करायचा, हे सात वर्षांच्या मुलाला शिकवण्याची याहून साधी रीत मला माहीत नाही.

रस्त्यावर आलात की चालू लागा. पंधरा मिनिटांत सिल्व्हन स्ट्रीटवर ब्राउन चॅपल हे कृष्णवर्णीयांचं मेथडिस्ट चर्च लागतं. तिथे आज एक शवपेटी ठेवली आहे. जिमी ली जॅक्सन, वय 26, बाप्टिस्ट चर्चचा डीकन. शेजारच्या मॅरियन गावात मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर 18 फेब्रुवारीच्या रात्री पोलीस तुटून पडले. आईला वाचवायला गेलेल्या जिमीला एका शिपायाने गोळी घातली. आठ दिवसांनी तो गेला. मागणी काय होती? सेल्माच्या जिल्ह्यातल्या मतदानाच्या वयाच्या शंभर कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम दोघांचं नाव मतदारयादीत आहे, बाकीच्यांचंही घाला. राखेच्या बुधवारी, माणूस मातीचा आहे याची आठवण ठेवण्याच्या दिवशी, त्याला पाऊस पडत असताना मॅरियनमध्ये पुरतात. सेंट पॉल्समधल्या प्रार्थनेत त्याचं नाव आलं की नाही हे तुम्ही मला विचारू नका. त्या बाकावर तुम्ही होतात.

रविवार, 7 मार्च, लेंटचा पहिला रविवार. पुस्तकाने आजच्या प्रभुभोजनासाठी पौलाच्या पत्राचा जो भाग नेमला आहे त्यात सेवकाने काय काय सोसलं याची यादी आहे: मार, तुरुंग, दंगे. शुभवर्तमानाचा उतारा अरण्यातल्या मोहाचा. सकाळची उपासना होते, लोक घरी जातात, जेवतात. दुपारी ब्राउन चॅपलपासून सुमारे सहाशे माणसं दोघादोघांच्या रांगेने निघून एडमंड पेटस पुलावर चढतात. हा पूल सेंट पॉल्सपासून हाकेच्या अंतरावर आहे. पलीकडच्या उतारावर राज्य पोलीस आणि घोडेस्वार उभे आहेत. पुढे जे घडलं त्याची चित्रफीत जगाने पाहिली: अश्रुधूर, दंडुके, घोड्यांच्या टापांखालची माणसं. सर्वांत पुढे चालणाऱ्या जॉन लुईसची कवटी फुटली.

या माणसांनी हात का उगारला नाही याचं उत्तर शोधत गेलात तर एक धागा थेट नागपूरला पोचतो. जेम्स लॉसन नावाचा तरुण मेथडिस्ट 1953 ते 1956 या काळात हिस्लॉप कॉलेजात होता. तिथे त्याने गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला आणि परतल्यावर टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांच्या शिकवण्या सुरू केल्या. शिव्या खाऊन, थुंकी झेलून, ढकललं गेल्यावर शांत कसं राहायचं याची तालीम तिथे चालायची. जॉन लुईस त्याचा विद्यार्थी. 1963 मध्ये सेल्मात येऊन काम उभं करणारा बर्नार्ड लाफाएट त्याचाच. जिमीच्या मृत्यूनंतर राज्याची राजधानी माँटगोमेरीपर्यंत चालत जाण्याची कल्पना मांडणारा जेम्स बेव्हेलही त्याचाच.

आता तुम्हाला बरंच उत्तरेला जावं लागेल. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स. त्याच आठवड्यातली एक संध्याकाळ. एपिस्कोपल सेमिनरीचं दगडी चॅपल, सायंप्रार्थना चालू आहे. रेव्हरंड मार्टिन ल्यूथर किंग यांनी देशभरच्या धर्मसेवकांना सेल्माला बोलावलं आहे. एका बाकावर जोनाथन डॅनियल्स उभा आहे. न्यू हॅम्पशरमधल्या कीन गावच्या डॉक्टरचा मुलगा, लष्करी महाविद्यालयातून निघताना वर्गाच्या वतीने निरोपाचं भाषण केलेला, 1962 च्या ईस्टरला बॉस्टनच्या एका चर्चमध्ये अचानक मन पालटलं म्हणून पाद्री व्हायला निघालेला. सेल्माला जावं का, यावर त्याचा विचार झाला आहे: अभ्यास आहे, परीक्षा आहेत, जमणार नाही. आता मरियेचं स्तोत्र सुरू होतं. हे रोज संध्याकाळी म्हणतात. त्यात सत्ता गाजवणारे सिंहासनावरून खाली येतात आणि दीनदुबळे वर उचलले जातात. जोनाथनने हे गाणं शेकडो वेळा म्हटलं असेल. आज म्हणता म्हणता त्याला कळतं की आपल्याला जायचं आहे. तसं त्याने पुढे लिहून ठेवलं. तुम्ही त्याच्या मागच्या बाकावर आहात. तुम्हाला काही वेगळं दिसणार नाही. त्याचा आवाज थांबत नाही, पुस्तक हातातून पडत नाही. रोज म्हणायची प्रार्थना यासाठीच असते असं मला वाटतं. तीनशे संध्याकाळी ती नुसती म्हणायची असते.

गुरुवारी तो निघतो. शनिवार-रविवारपुरतं जायचं ठरलं आहे. परतीच्या वेळी तो आणि त्याच सेमिनरीतली ज्युडिथ अपहॅम यांची बस चुकते. त्या चुकलेल्या बसमुळे दोघांना विचार करायला वेळ मिळतो: चार दिवसांसाठी येऊन जाणाऱ्यांचा या गावाला उपयोग काय? दोघं परत जाऊन सेमिनरीची परवानगी काढतात आणि पुन्हा सेल्मात येतात. ब्राउन चॅपलजवळच्या वसाहतीत वेस्ट नावाचं कृष्णवर्णीय कुटुंब त्यांना मुलांनी भरलेल्या आपल्या घरात ठेवून घेतं. गोऱ्या पाहुण्यांना घरात घेणं म्हणजे नोकरी, घर, जीव सगळंच पणाला लावणं. लेंटचा त्याग म्हणून कोणी चहा सोडतं, कोणी गोड सोडतं. वेस्ट कुटुंबाने त्या वसंतात काय दिलं याची नोंद कुठल्या पेटीत होणार?

पण बस चुकली त्या आठवड्यात तुम्ही सिल्व्हन स्ट्रीटवर थांबा. पोलिसांनी रस्त्यावर आडवी दोरी बांधली आहे. कपडे वाळत घालायची साधी दोरी. एका बाजूला शिरस्त्राणं घातलेले पोलीस, दुसऱ्या बाजूला पावसात भिजत रात्रंदिवस उभी असलेली माणसं: कृष्णवर्णीय शाळकरी मुलं, नन, रब्बी, पाद्री. मंगळवारी रात्री गोऱ्या गुंडांनी जेम्स रीब या युनिटेरियन पाद्र्याच्या डोक्यात घाव घातला होता, गुरुवारी तो वारला. तुमच्या शेजारची मुलगी गाता गाता तुमचा हात धरते. तिचा हात गार पडला आहे. चिखलात उभं राहून पाय सुन्न झालेत. कोणी पाव आणून देतं, तो दोघांत मोडून खायचा.

14 मार्च, लेंटचा दुसरा रविवार. सकाळी लवकर तुम्ही सेंट पॉल्सच्या प्रभुभोजनाला जाता. दारावर लोकांना आत नेऊन बसवणारा अशर तुमच्याकडे दोनदा बघतो. तुमचा रंग त्याच्या कुठल्याच कप्प्यात बसत नाही. तुम्ही तोंड उघडता, तो तुम्हाला परदेशी पाहुणे ठरवतो आणि हसून आत सोडतो. या हसण्याचं तुम्हाला बरं वाटतं. बसल्यावर मात्र तो आनंद टोचायला लागतो. आजच्यासाठी पुस्तकाने नेमलेलं शुभवर्तमान कोणतं? मत्तयाचा पंधरावा अध्याय. कनानी बाई येशूच्या मागे लागली आहे. तिची मुलगी आजारी आहे. शिष्य म्हणतात, हिला घालवून द्या. मुलांची भाकर कुत्र्यांना कशी घालायची, या प्रश्नावर ती बाई मागे हटत नाही. मेजाखाली पडलेल्या चुऱ्यावर तर कुत्र्यांचाही हक्क असतो, असं ती सुनावते. आणि तिचं म्हणणं मान्य होतं.

हा उतारा सेल्मासाठी कोणी निवडलेला नाही. लेंटच्या दुसऱ्या रविवारी तो कित्येक पिढ्यांपासून वाचला जातो. पण अकराच्या उपासनेच्या वेळी तुम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे आहात आणि बघता आहात: काळी आणि गोरी माणसं मिळून चर्चच्या पायऱ्या चढतात, कोट-टाय घातलेली, प्रार्थना पुस्तक हातात असलेली, आणि अशर त्यांना दारातच अडवतात. कोणी हात उचलत नाही, शब्दही हळू बोलले जातात. इथे तुम्हाला नाशिकचं काळाराम मंदिर आठवणारच, 2 मार्च 1930 ला सुरू झालेला तो सत्याग्रह. फरक एवढाच की इथे कायदा आत यायच्या बाजूचा होता. सेंट लुईसला 1964 मध्ये भरलेल्या एपिस्कोपल महाअधिवेशनाने स्वच्छ नियम केला होता: वर्ण किंवा वंशाच्या कारणाने कोणत्याही बाप्तिस्मा झालेल्या सभासदाला उपासनेतून वगळता येणार नाही. नियम होऊन सहा महिनेही झाले नव्हते.

आत बसलेली माणसं दुष्ट होती असं म्हणून सुटता येत नाही. त्यांच्यात वकील होते, बँकेतले लोक होते, रविवारशाळेच्या बाई होत्या. त्या पुठ्ठ्याच्या पेट्या त्याच बाईंनी वाटल्या होत्या. या पॅरिशची पहिली इमारत एप्रिल 1865 मध्ये सेल्माच्या पाडावात उत्तरेच्या सैन्याने जाळली होती. तो दिवसही लेंटमधलाच रविवार होता. बाहेरचे लोक येतात आणि आपलं चर्च मोडतात, ही आठवण शंभर वर्षं जपलेली होती. पॅरिश म्हणजे नात्यागोत्याचं, लग्नामयताचं जाळं. त्यात राहून शेजाऱ्याच्या विरोधात मत देणं सोपं नसतं, हे मी समजू शकतो. समजू शकतो म्हणून माफ करता येत नाही. अलाबामाचे बिशप चार्ल्स कार्पेंटर हे 1963 च्या गुड फ्रायडेला बर्मिंगहॅममधल्या निदर्शनांना घाईचं म्हणणाऱ्या आठ धर्मगुरूंपैकी एक. किंग यांनी तुरुंगातून लिहिलेलं प्रसिद्ध पत्र त्यांनाच उद्देशून होतं. थांबा, वेळ येईल, हे वाक्य ज्यांना थांबावं लागत नाही त्यांच्या तोंडी फार सहज येतं.

21 मार्च. तिसरा रविवार. नेमलेल्या उताऱ्यात आपसात दुभंगलेलं घर कोसळतं असं येशू सांगतो. त्याच दिवशी मोर्चा पुन्हा निघतो, या वेळी सैन्याच्या संरक्षणात. 25 मार्चला तो माँटगोमेरीला पोचतो. चर्चच्या पंचांगात हा मरियेला देवदूताचा निरोप आल्याचा सण. त्या रात्री मोर्चेकऱ्यांना गाडीतून सोडणाऱ्या व्हायोला लिउझोला गोळ्या घालतात. ती पाच मुलांची आई होती.

आणि मग 28 मार्च, चौथा रविवार. लेंटच्या मध्यावरचा हा विसाव्याचा रविवार. उपासाला थोडी ढील मिळते. इंग्लंडात याच दिवशी मुलं आईकडे जायची. शुभवर्तमान: पाच हजारांचं जेवण. एका पोराच्या टोपलीतल्या पाच भाकरी आणि दोन मासे, सगळे गवतावर बसले, सगळे जेवले, वर उरलं. दरम्यान पॅरिशच्या कारभारी मंडळाने, वेस्ट्रीने, मतदान करून चर्चच्या नियमापुढे मान तुकवली आहे. आज दार उघडतं. काळ्या-गोऱ्यांचा तोच गट आत येतो. तुमच्या मानेमागे बाकांची करकर ऐकू येते, माणसं अंग चोरून घेतात. पुढे बसलेल्या बाई प्रार्थना पुस्तकातून डोकं वर काढत नाहीत. सामुदायिक पापकबुलीची वेळ येते. ही कबुली पुस्तकात अनेकवचनी आहे. करायचं राहून गेलं ते सगळ्यांचंच राहून गेलं, असं सगळे मिळून म्हणतात. शंभर वर्षांत पहिल्यांदा इथल्या त्या शब्दांत नवे आवाज मिसळले आहेत आणि कोणाचे कोणते हे वेगळं काढता येत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर सोयीचं झालं असतं. पुढच्या आठवड्यांत जोनाथन आणि ज्युडिथ मुलामुलींना घेऊन येत राहतात. त्यांना शेवटच्या बाकावर बसवलं जातं. प्रभुभोजन घ्यायला सगळ्यांत शेवटी जायला सांगितलं जातं. शेवटी का, हे तिथे बसून बघितलंत तर समजेल. वेदीपुढच्या लाकडी कठड्यापाशी लोक खांद्याला खांदा लावून गुडघे टेकतात. आधी भाकर येते, मग चषक. चषक एकच. पाद्री तो एकाच्या ओठांना लावतात, कडा पांढऱ्या फडक्याने पुसतात, थोडा फिरवतात आणि पुढच्याच्या ओठांना लावतात. फिरवला, पुसला, तरी चषक तोच. पंगत, पाणवठा, वेगळा ठेवलेला पेला: मराठी वाचकाला याहून जास्त सांगायची गरज नाही. दार उघडणं भाग पडलं म्हणून उघडलं. ओठांपर्यंत यायला अजून अवकाश आहे.

बाहेर पायऱ्यांवर एखादा चांगल्या कपड्यातला गृहस्थ जोनाथनच्या कानाशी येऊन घाण शिव्या देतो. दुसरा मात्र थांबून हात पुढे करतो, आणि हेही सांगायला हवं. जोनाथन बिशपकडे दाद मागतो, पॅरिशच्या लोकांच्या घरी जाऊन चहा पितो, वाद घालतो, पुन्हा पुढच्या रविवारी येतो. शत्रू म्हणून ज्यांच्याकडे बघायला आलो त्यांच्याच शेजारी गुडघे टेकायचे आहेत, हे त्याला या आठवड्यांत उमगत जातं. मला त्याच्यातलं हेच सर्वांत मोठं वाटतं. मोर्चात चालायला धैर्य लागतं. पण ज्याने तुम्हाला शेवटच्या बाकावर बसवलं त्याच्यासाठी त्याच बाकावरून प्रार्थना करणं आणि बाक बदलण्याची मागणी तरीही न सोडणं, याला जे लागतं त्याला माझ्याकडे धैर्य हा शब्द पुरत नाही.

18 एप्रिल, ईस्टर. जांभळं कापड गेलं, पांढरं आलं. वेदी फुलांनी भरली आहे. मुलं आपापल्या पेट्या घेऊन पुढे जातात, पेट्यांमध्ये नाणी खुळखुळतात. तुम्ही शेवटच्या बाकावर आहात, कारण आज तुम्ही अशरला स्वतःहून सांगितलंत की मी या मंडळींबरोबर आहे. त्याचं हसू मावळलं. तुमच्या एका बाजूला वसाहतीतली दोन मुलं आहेत, इस्त्रीच्या शर्टात, पाय जमिनीला न पोचणारी. दुसऱ्या बाजूला जोनाथन. सव्वीस वर्षांचा आहे, 20 मार्चला वाढदिवस झाला. तुम्हाला ऑगस्टमध्ये काय होणार ते ठाऊक आहे आणि सांगता येत नाही.

6 ऑगस्टला मतदान हक्काचा कायदा झाला. 20 ऑगस्टला शेजारच्या हेनव्हिल गावात, तुरुंगातून नुकतीच सुटलेली जोनाथनसह चार माणसं थंड पेय घ्यायला दुकानाकडे गेली. दारात टॉम कोलमन बंदूक घेऊन उभा होता. त्याने ती सतरा वर्षांच्या रूबी सेल्सवर रोखली. जोनाथनने तिला बाजूला ढकललं आणि गोळी स्वतःवर घेतली. 30 सप्टेंबरला सगळे गोरे पुरुष असलेल्या ज्यूरीने कोलमनला निर्दोष सोडलं. आता दर ऑगस्टमध्ये अलाबामातले एपिस्कोपल लोक हेनव्हिलला यात्रेने जातात आणि त्याच न्यायालयात, न्यायाधीशाच्या मेजाची वेदी करून, प्रभुभोजन घेतात. जोनाथनचं नाव चर्चच्या पंचांगात आहे.

रूबी सेल्स कित्येक महिने जेमतेमच बोलू शकत होती. तरी ठार मारण्याच्या धमक्या येत असताना तिने न्यायालयात उभं राहून साक्ष दिली. पुढे ती केंब्रिजला, जोनाथन जिथे शिकत होता त्याच सेमिनरीत शिकायला गेली आणि धर्मशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडली.